कुठं ठोकू सेन्सर, भाऊ?

परवा दुपारी वायरमन हातात खडू घेऊन समोर उभा. नव्या घराचं बाहेरचं प्लास्टर आता होईल, त्याआधी सगळे पॉईंट ठरायला पायजेत. "सेन्सरवाले लाईट कुठं कुठं लावाचे ते आत्ताच सांगा भाऊ, मंग झिऱ्या मारायले लावान त पैसे अलग लागतीन." मी लई समजत असल्यासारखा चेहरा करून गेटकडे बघत राहिलो.

तसं थोडंफार वाचलं होतं मी. माणूस आला की आपोआप लाईट पेटवणारा सेन्सरचा तो पांढरा घुमट स्वतः किरण-बिरण काहीच सोडत नाही, नुसती समोरच्या अंगाची उष्णता बघत बसतो, तीही हलली तरच. सरळ त्याच्याकडे चालत गेलात तर त्याला उशिरा कळतं, आडवं गेलात की लगेच पेटतो, म्हणून गेटच्या बरोब्बर समोर नाही, बाजूच्या भिंतीवर सात-आठ फूट उंचीवर घ्यायचा. एसीचं आउटडोअर युनिट गरम हवा फेकतं, त्याच्या तोंडासमोर नको. हलणारी फांदी पण नको, नाहीतर वारा सुटला की घर रात्रभर डोळे मिचकावणार.

पण हे सगळं लिहिणाऱ्यांनी अमरावतीचा मे बघितलेला दिसत नाही. आपल्याकडे भिंत दिवसभर तापते आणि रात्री जेवणं झाली तरी हात लावला की चटका. आपलं अंग बाहेरून तेहतीस-चौतीस डिग्रीचं, भिंत आणि हवा पण तिथंच घुटमळणार, मग सेन्सरला फरक दिसणार कुठून? त्याची नजर तेव्हा खरंच मंद होते. म्हणजे चोरानं सोयीचा महिना निवडायचा तर मे. (हे वायरमनला सांगितलं, तो हसला नाही.)

मे म्हटलं की आजीचं अंगण. संध्याकाळी सडा टाकायचा, मातीतून वाफ निघायची, मग बाजा बाहेर यायच्या. आणि आजीचं सुरू, "लाईट बंद कर रे, किडे येतात." बटण आत ओसरीत. ते बंद करायचं काम सगळ्यात लहान पोराचं, म्हणजे माझं, आणि बटण खाली केलं की ओसरी ते बाज एवढं अंतर मधल्या कडुनिंबाकडे न बघता पळत कापायचं, बाजेवर उडी मारायची आणि चादर डोक्यावरून घ्यायची, मग बाजेच्या दोऱ्या करकरायच्या आणि कोणीतरी मोठं माणूस हसायचं. पहिला पाऊस पडला की पंखवाल्या किड्यांचे ढग यायचे, तेव्हा ट्यूबखाली परातीत पाणी ठेवायचं. बाहेरचा लाईट आमच्या घरात लावण्यापेक्षा बंद करण्याचीच वस्तू होती.

त्यामुळे असेल, पण मला हे सेन्सर मनापासून आवडत नाहीत. एका मित्राकडे आहेत. जेवून अंगणात खुर्च्या टाकून बसलो, गप्पा रंगात आल्या की फट् करून अंधार, मग कोणीतरी एसटीला करतात तसा हात वर करायचा. पुन्हा उजेड, पुन्हा मिनिटभरानं अंधार. गडी बोलता बोलता नुसता हात हलवत होता, त्याला आता ते जाणवत पण नाही. येणारा-जाणारा चालतो त्या लाईटला, बसलेला माणूस त्याच्या हिशोबातच नाही.

तरी गाडीच्या शेडमध्ये एक आणि मागच्या बोळीत एक घेतला. बोळीत रात्री कूलरला पाणी सोडायला जावं लागतं, हात ओले असतात, तिथं बटण शोधत बसण्यापेक्षा हे बरं. लाईट किती वेळ चालू राहावा तो टाईमचा स्क्रू पुढं करायचा, लक्सचा, म्हणजे किती अंधार पडल्यावर पेटायचं त्याचा, असा ठेवायचा की दिवसा पेटू नये, एवढं बघितलं की झालं.

पायऱ्यांवर मात्र नाही घेतला. बाबा आजकाल गेटपासून येताना दोनदा थांबतात, भिंतीला हात लावून. नुसते उभे राहतात, जरा वेळ. विचारलं तर "काही नाही रे, हवा खातो" म्हणतात. तिथं साधा 9 वॉटचा बल्ब, साध्या बटणावर, रात्रभर चालू. रोज 12 तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट होतात. किडे आले तर येऊ देत.