अठरा पायऱ्या आणि एक कठडा

आमच्या वस्तीत वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला उतरायला एक बोळ आहे, आणि त्या बोळात १८ पायऱ्या. कठडा नाही, दिवा नाही, पावसात शेवाळ धरतं. तिथे घसरून आईचं मनगट मोडलं, त्याच वर्षी पालिकेने अंदाजपत्रकातला थोडा निधी बाजूला काढून ‘कामं तुम्हीच सुचवा’ म्हणून लोकांना बोलावलं. एरवी मी सभा-बिभांना जाणाऱ्यांतली नव्हे. रागाने गेले.

पहिल्या सभेत माहिती सांगणाऱ्या बाईंनी पोर्तो आलेग्रेपासून सुरुवात केली. ब्राझीलमधल्या या शहरात १९८९ पासून लोक भागाभागांत सभा भरवून नवी कामं आधी कुठे व्हावीत ते ठरवू लागले. भारतात पुणे महापालिकेने २००६ मध्ये हा प्रकार सुरू केला. माझ्या डोक्यात त्यातलं एकच राहिलं : पोर्तो आलेग्रेत नुसती मतं मोजत नसत, जिथे रस्ते, गटारं, पाणी कमी, त्या भागाला जास्त वजन मिळे. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. ज्याला मतं जास्त त्याचं काम. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आणि आपलं काम झाल्यावरही पटलेलं नाही.

अर्जात मी लिहिलं, ‘पायऱ्या सुरक्षित कराव्यात.’ खिडकीतल्या कारकुनाने तो तिथल्या तिथे परत केला. “ही मागणी झाली ताई. यात काम काय ते लिहा.” तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. पण पुढचे तीन महिने आम्ही तेवढंच करत होतो, मागणीतून काम काढत होतो.

मी घासूनपुसून यादी केली : दिवा, दोन्ही बाजूंना कठडा, उतरता रॅम्प, आणि शेवाळ काढायला माणूस. माणूस पहिल्या फेरीतच उडाला. हा निधी भांडवली कामांचा, म्हणजे एकदा बांधून उभं राहील अशाच गोष्टींसाठी. रोजची साफसफाई, पगार, दुरुस्ती या महसुली खर्चाच्या बाबी, त्या यात बसत नाहीत. आईला पाडलं शेवाळाने, आणि नेमकं शेवाळच नियमात बसेना!

मग कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आला. सगळ्या प्रक्रियेत मला मनापासून आवडलेला भाग हाच. त्याने पायऱ्यांची उंची मोजली, एकूण चढ ३ मीटर. रॅम्पला १ ला १२ चा उतार लागतो, म्हणजे ३ मीटरला ३६ मीटर लांबी, शिवाय मध्ये थांबायला सपाट टप्पे. बोळ त्याच्या निम्माही नाही. रॅम्प गेला. पण जाता जाता त्याने वर बोट दाखवलं. “शेवाळ का धरतं? वरच्या रस्त्याचं पाणी पायऱ्यांवरून वाहतं म्हणून. माथ्यावर आडवं गटार घालून वर जाळी टाका, पाणी बाजूने जाईल.” गटार हे बांधकाम, त्यामुळे ते बसतं. साफसफाईचा माणूस मागून जे मिळालं नसतं ते असं मिळालं.

जागा कुणाची, यात मात्र तीन आठवडे गेले. बोळाची एक कड बाजूच्या इमारतीच्या हद्दीत निघाली आणि ना-हरकत पत्र लागलं. त्यावर आणखी काही लिहीत नाही, कारण रक्तदाब वाढतो.

त्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजींनी याच पायऱ्यांसाठी वेगळा अर्ज दिला होता : बोळाला फाटक लावून रात्री बंद करा, पोरं बसतात, झोप लागत नाही. एकाच जागेचे दोन अर्ज, म्हणून आम्हाला समोरासमोर बसवलं. मी भांडायच्या तयारीत होते. बोलता बोलता कळलं, त्यांना दिव्याचीच जास्त धास्ती होती. उजेड थेट खिडकीत येणार. दिवा कमी उंचीवर घ्यायचा आणि त्याला खिडकीच्या बाजूने आडोसा करायचा असं ठरलं, तेव्हा त्यांनी फाटक सोडलं. ना-हरकतीसाठी इमारतीत सह्याही त्यांनीच गोळा केल्या.

मतदानाच्या दिवशी बागेतल्या खेळण्यांसाठी रांगच्या रांग आली होती. आमच्या पायऱ्या वापरणारी मंडळी म्हातारी, केंद्रापर्यंत यायचं तर तेच १८ वेळा पाय जपून टाकायचे. आम्ही दोघीतिघी त्यांना हात धरून आणत होतो. निकालात पाचवे आलो. पहिल्या तिघांत बहुतेक पैसा संपला. चौथं काम उरलेल्या रकमेत मावेना, म्हणून त्याला वगळून आमचं घेतलं. मावलं, कारण रॅम्प नव्हता.

हे आमच्या शेजाऱ्यांना सांगताना जीभ अडखळली. ते व्हीलचेअर वापरतात, आणि रॅम्पसाठी अर्जावर पहिली सही त्यांची होती.

काम व्हायला सव्वा वर्ष गेलं. ठेकेदाराने कठडा एकाच बाजूला बसवला होता. मंजूर इस्टिमेटची प्रत घेऊन दोन खेपा घातल्या, मग दुसऱ्या बाजूचाही बसला. आई आता डाव्या हाताने तो धरून उतरते. शेजाऱ्यांनी यंदा लांबच्या वळणाच्या रस्त्याचे फुटपाथ स्वतः फिरून मोजले, कुठे कुठे कडेला उतार हवा ते चौकोनी वहीत काढलं, आणि अर्जात ‘काम’ या रकान्यासमोर लिहिलं : ११ ठिकाणी.