'रेमोन्'मधला न् अखेर लागला

१०० पैकी ९०.३१८ गुण! काल सकाळी तोक्योतल्या निशि-कासाइमधल्या त्या एकट्याच्या कराओके-खोलीत 'रेमोन्' गाताना साबीतली (ध्रुवपदातली) ती ओळ संपली आणि पडद्यावर तिचे सातही बार (प्रत्येक सुराची एक आडवी रेघ) भरलेले दिसले. गाणं संपल्यावर हेडफोन काढून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मागच्या तीन नोंदी वाचलेल्यांना माहीत आहे, अडीच महिने मी ८६ आणि ८७ च्या मध्ये रुतलो होतो आणि गेल्या वेळी तर हे गाणंच सोडून द्यायची भाषा केली होती.

ऑफिसच्या बोनेन्काइत (वर्षअखेरच्या पार्टीत) गायच्या गाण्यांच्या यादीची सद्यस्थिती आधी सांगून टाकतो. योनेझु केन्शी यांचं 'रेमोन्' (२०१८) पहिलं, साकामोतो क्यू यांचं 'उए ओ मुइते आरुको' (१९६१) दुसरं, तिसरी जागा रिकामी. बोनेन्काइ डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी. आमचे बुचो (विभागप्रमुख) साठीला टेकलेले, टीममधली सर्वांत धाकटी मुलगी तेवीस वर्षांची, आणि दोघांनाही येतं असं गाणं हवं या एका अटीवर 'रेमोन्' निवडलं होतं. बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत ते २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं पहिलं होतं, त्यामुळे ते न ऐकलेला माणूस आमच्या मजल्यावर सापडणार नाही. पट्टीचा प्रश्न मिटलेला आहे. मूळ पट्टीत साबी मला पुरत नाही, वजा २ वर (दोन अर्धसूर खाली) सुखाने बसते. (घरी मी काळी एकमध्ये गातो, पण इथे सा शोधत बसायचं नाही, सर्वांत वरचा सूर कुठवर जातो तेवढंच बघायचं, हे आपलं आधीच ठरलं आहे.)

मला छळलं ते एका न् ने.

साबीच्या मध्यावर 'रेमोन् नो निओइ' (लिंबाचा वास) हे शब्द येतात. रे-मो-न्-नो-नि-ओ-इ. सात मात्रा, सात सूर, सात बार. मी गायचो ते मात्र 'रेमोंऽ नो'. म्हणजे मो लांबवायचो, शेवटी तो नाकात मिटवायचो आणि तिथूनच पुढच्या सुराकडे घरंगळायचो. तिसरा बार रिकामा, आणि चौथ्याला नो हमखास उशिरा. सेइमित्सु साइतेनच्या (यंत्राच्या गुण देणाऱ्या सोयीच्या) निकालात सुरांची अचूकता ७९ टक्के आणि शाकुरी (खालून घसरत सूर गाठणं) ४१ वेळा! लहानपणापासून जी मीड घोटून घेतली, ती इथे प्रत्येक शब्दात डोकावत होती.

उपाय करून पाहिले ते असे. देन्मोकुवरून (कराओकेच्या रिमोटवरून) लय कमी केली. संथ लयीत न् नीट लागायचा, मूळ लयीत पुन्हा गायब. गाइड मेलोडी मोठी करून ऐकली, त्याने निदान न् चा सूर कुठे आहे हे कानात पक्कं बसलं. रोमन लिपीत शब्द लिहून पाहिले, तर उच्चारच बिघडले. ऑफिसातल्या सेम्पाइना (वरिष्ठ सहकाऱ्यांना) फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते म्हणाले, "आवाज छान आहे, पण तुम्ही न् म्हणतच नाही आहात." मला वाटत होतं मी म्हणतोय!

चोर सापडला माझ्याच वहीत. सगळी गाणी मी देवनागरीत उतरवून घेतो आणि सवयीने लिहिलं होतं 'रेमों नो'. अनुस्वार मागच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. डोळ्याला अक्षरं दिसतात दोन, म्हणून गळाही दोनच गातो. हे तोझाइ मेट्रो लाइनमध्ये उभ्याउभ्या लक्षात आलं आणि पाठोपाठ शाळेतलं वृत्त आठवलं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, गुरूच्या दोन मात्रा. 'निप्पोन्' मोजा: निप् दोन, पोन् दोन, एकूण चार. जपानी माणूस मोजतो नि-प्-पो-न्, तेही चारच. 'तोक्यो' म्हणजे तोऽक्योऽ, दोन गुरू, पुन्हा चार. हाइकूचे ५-७-५ याच हिशोबाने मोजतात. म्हणजे मोजणी आपल्याला शाळेपासून येते! फरक एवढाच, की आपण गाताना गुरूचा सगळा भार स्वरावर टाकतो आणि व्यंजन शेवटी चिकटवून देतो. तिथे दुसरी मात्रा स्वतःच्या पायावर उभी असते आणि तिला वेगळा सूरही मिळू शकतो.

त्याच रात्री चौकटीची वही आणली आणि भातखंडे पद्धतीने गाणं नव्याने उतरवलं. एका चौकटीत एक मात्रा. लांब स्वराला पुढच्या चौकटीत ऽ. न् ला स्वतःची चौकट. छोट्या त्सुला ('निप्पोन्'मधल्या प् सारखं दुहेरी व्यंजन दाखवणाऱ्या खुणेला) रिकामी चौकट, तिथे आवाज पूर्ण थांबवायचा. ज्यांनी गाण्याच्या क्लासमध्ये बंदिशी अशा लिहिल्या आहेत त्यांना हे पाच मिनिटांत जमेल. कृपा करून अनुस्वारात लिहिलेल्या जुन्या वह्या वापरू नका, मी त्यात अडीच महिने घालवले.

तरी काम अर्धंच झालं होतं. चौकट मिळाली, पण न् वर सूर धरायचा कसा? मी ॐकारातल्या मकारासारखे ओठ मिटून धरू लागलो. सूर लागला, आवाज मात्र एकदम दबला, आणि सेम्पाइना आता तिथे 'मु' ऐकू येऊ लागलं. इथे परसवर्ण कामी आला. हिरागाना या जपानी लिपीतलं न् चं ते एकच अक्षर पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्या अनुस्वारासारखं. 'सेन्पाइ'चं सेम्पाइ होतं, 'गेन्की'चं गेङ्की. 'रेमोन्'च्या पुढे 'नो' आहे, म्हणजे इथे ओठांचं कामच नाही. जीभ वरच्या दातांमागे टेकवायची, ओठ उघडे ठेवायचे आणि त्याच जागेवरून नो सोडायचा. जीभ आधीच तिथे असल्यामुळे नो चा उशीरही आपोआप गेला! हा शोध लागला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

त्यानंतर तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं आराकावा नदीच्या काठावर तानपुऱ्याचं ॲप लावून एकच पलटा: सा वर ना, रे वर न्, ग वर ना, प वर न्. न् वर सूर बदलता आला की काम झालं. काल अचूकता ८८ टक्के, शाकुरी १७.

साधनांबद्दल थोडं. असा सराव करायचा असेल तर हितोकाराच्या (एकट्याने गायच्या कराओकेच्या) खोल्याच घ्या. कंडेन्सर माइक आणि हेडफोनमध्ये स्वतःचा न् स्वच्छ ऐकू येतो. स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात मागच्या महिन्यात असा माइक मिळाला की सगळी अनुनासिकं गिळून टाकत होता. तिथला फ्री टाइम स्वस्त आहे, पण मी पुन्हा जाणार नाही. बार वाचायला मला डॅम हे कराओके यंत्र जास्त सोयीचं वाटतं. अ‍ॅनिमेची आणि व्होकालॉइडची गाणी शोधणाऱ्यांनी जॉयसाउंड हे दुसरं यंत्रच घ्यावं.

आता तिसरी जागा. इतके दिवस मी गाणी वरच्या सुरावर गाळत होतो. हे लिहिता लिहिता वाटतंय, दुसरी चाळणी साबीतल्या न् आणि छोट्या त्सुंची लावायला हवी. मग सेन मासाओ यांचं 'कितागुनी नो हारु' (१९७७) एकदम वर येतं. कडव्याच्या शेवटच्या ओळीत, जिथे सगळी खोली सोबत गाते, तिथे एकही न् नाही आणि छोटा त्सुही नाही. शिवाय एन्दो मिनोरु यांची चाल योनानुकीत आहे, चौथा आणि सातवा सूर वगळलेला. म्हणजे आपला भूप रागच! बुचो तर खूश होतील.

धोका मात्र त्याच भूपात आहे. आत्ता स्वयंपाकघरात गुणगुणून पाहिलं, तर ग वरून सा वर येताना रे ला घासून मीड आलीच. गळ्याला ओळखीची वाट दिसली की तो तिकडे पळतो. त्यामुळे क्रम बदलतोय: बोनेन्काइला सुरुवात 'किताग‍ुनी'ने, मग 'रेमोन्', आणि 'उए ओ मुइते आरुको' शेवटी सगळ्यांबरोबर. त्यातही साकामोतोंनी पहिल्याच शब्दांत मात्रेमात्रेला जो हलका 'ह' चा धक्का दिलाय तो मला करून पाहायचा आहे, पण ते पुढच्या नोंदीत.

रविवारी अकराची खोली घेतली आहे. पहिलं कडवं चौकटीत उतरवून झालं. तुमच्यापैकी कुणी 'किताग‍ुनी' वजा ३ च्या खाली गायलं असेल तर सुरुवातीच्या ओळी ऐकू येतात का, तेवढं शनिवारपर्यंत कळवा.