विडी कारखाना आणि मावशींची ओसरी

रविवार, रात्री

आज धर्माबादच्या बाजूचा एक विडी कारखाना पाहिला. त्या लांबट पत्र्याच्या इमारतीत तंबाखूची पोती होती, तेंदूपत्त्याचे गठ्ठे होते, भट्टीत शेकायला लावून ठेवलेले विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या होत्या आणि वजनकाट्यामागे मुनीम होते. विडी वळणारे मात्र कोणीच नव्हते. वळण्याचे काम घरोघरी चालते. बायका पाला, तंबाखू आणि दोरा घेऊन जातात, तयार विड्या आणून मोजून देतात, आणि या इमारतीशी त्यांचा संबंध तेवढ्यापुरताच उरतो. सीमेपलीकडचा, तेलंगणातला निजामाबाद जिल्हा विड्यांसाठी पूर्वीपासून ओळखला जातो, त्यामुळे इकडच्या वस्त्यांतही मजुरीचा हिशेब मराठीत आणि गप्पा तेलुगूत असे सर्रास ऐकू येते.

मुनिमांनीच एका मावशींचे घर दाखवले आणि दुपारभर मी त्यांच्या ओसरीवर बसले. पाने आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली होती, कारण कोरडे पान वळताना तडकते. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, जाड शीर टाळून कात्रीने चौकोन कापायचा, त्यावर चिमूटभर तंबाखू लांबट पसरायची आणि बोटांत फिरवून वळायचे. तंबाखू कमी पडली तर विडी पोचट होते आणि जास्त झाली तर पान उकलते. मग एका टोकाशी दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि दुसरे तोंड नखाने आत दुमडून बंद करायचे. मावशींनी उजव्या अंगठ्याचे नख त्यासाठीच वाढवले आहे आणि तंबाखूने ते कडेपर्यंत तपकिरी झाले आहे. पाठीचे दुखणे आणि खोकला यांबद्दल त्या पावसापाण्याबद्दल बोलावे तशा बोलल्या.

मला क्यूबातले सिगारचे कारखाने आठवले. तिथे सिगारच्या आत-बाहेर सगळीकडे तंबाखूचेच पान असते आणि शेकडो कामगार एका दालनात बसून ती वळतात. १८६५ पासून हवानात अशी पद्धत पडली की एकाने उंचावर बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायच्या आणि त्याचा पगार कामगारांनी वर्गणीतून द्यायचा. आपल्याकडे केरळातल्या विडी कामगारांतही वाचून दाखवण्याची परंपरा होती, आणि १९६९ मध्ये कण्णूरला त्यांनी स्वतःची सहकारी संस्थाही उभी केली. एका छपराखाली बसलेल्या माणसांना मिळून काही ऐकता येते आणि मिळून काही मागताही येते. ओसऱ्या-ओसऱ्यांवर विखुरलेल्या बायकांना कोण वाचून दाखवणार? मावशींच्या ओसरीवर मोबाइलवर मालिका चालू होती, तीही सून उठून गेल्यावर बंद पडली.

खरी मेख छाटीत आहे. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, पण कारखान्यात मोजणारा हात काही विड्या वाकड्या, सैल किंवा फाटक्या म्हणून बाजूला काढतो आणि त्या हजारात धरल्या जात नाहीत. वर, हजार भरण्यापुरती पानेही चांगली निघत नाहीत. “पानच भोकाचं दिलं तर ताई, इडी कुठून सरळ यील?” असे मावशी म्हणाल्या तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले होते, आणि कच्च्या मालाबद्दलचे व छाटीबद्दलचे तंटे सोडवण्याची तरतूदही त्यात होती. पण तंटा करायचा म्हणजे त्याच खिडकीशी करायचा, जिथून पुढच्या खेपेचा पाला मिळतो. कायदा करणाऱ्यांनी कामगार ओळखला. खिडकी ओळखली नाही असे मला वाटते.

निघताना मुनिमांना विचारले, की छाटलेल्या विड्यांचे पुढे काय करता? त्या वेगळ्या टोपलीत ठेवतो, एवढेच ते म्हणाले. मावशींचे म्हणणे असे, की त्याही स्वस्तात विकल्या जातात, फक्त त्यांची मजुरी कोणाला मिळत नाही.