अटकेच्या कागदावरची वेळ

२६ नोव्हेंबर जवळ आला की वस्त्यावस्त्यांत संविधान दिनाची तयारी सुरू होते. उद्देशिकेचं सामूहिक वाचन, पाहुणे, हार, भाषण. ते व्हायलाच हवं. पण त्या सभेतून घरी गेलेल्या बाईच्या मुलाला त्याच रात्री ‘चौकशीला’ नेलं, तर कोणता कागद मागायचा, कुणाला फोन करायचा, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आग्रहानं सांगते: वर्षातून एक तरी सभा ‘अटकेनंतरचे पहिले चोवीस तास’ एवढ्याच विषयावर घ्या. राज्यघटनेचं कलम २२ (अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं हजर करायचं) आणि त्याला जोडलेले दोन-चार नियम. दीड तासात तेवढंच नीट होतं. समतेपासून माहिती अधिकारापर्यंत सगळं कोंबलं की लोक माना डोलावतात आणि विसरतात.

तीस-चाळीस माणसं पुरेत. समाजमंदिर किंवा शाळेचा वर्ग घ्या, सतरंजीवर गोलात बसा, माइक लावू नका. माइक आला की वक्ता थांबत नाही आणि मागं बसलेल्या बायका प्रश्न विचारत नाहीत. चौकात, उघड्यावर सभा घ्यायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पंधरा-पंधरा दिवसांचे जमावबंदीचे आदेश निघतात. आदेश लागू असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीला पंधरा दिवस आधी पत्र द्या. कायदेविषयक शिबिरं घेणं हे त्यांचं कामच आहे, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. अटकेचा कागद म्हणजे काय, ते कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढा आणि त्याच्या वीस झेरॉक्स करा. दोघांत एक. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची नोंद करणारा हाच कागद, तिथंच झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची स्वतःची सही हवी. साक्षीदार घरचा नसेल तर ‘तुझ्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा तुला हक्क आहे’ हे पोलिसांनी सांगायचं असतं. या गोष्टी आकाशातून पडलेल्या नाहीत. पश्चिम बंगालच्या कायदेविषयक मदत संस्थेच्या डी. के. बसूंनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अकरा सूचना दिल्या. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी ही त्यातलीच एक.

कागदातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना वेळेचा. त्यावर सभेची निदान वीस मिनिटं घालवा, कारण घोळ इथंच होतो. शनिवारी रात्री नऊला मुलाला गाडीत बसवलं, रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं आणि कागदावर अटक दाखवली रविवारी दुपारी चारची. मग चोवीस तास मोजायचे कुठून? ‘अजून अटक नाही, नुसतं बसवलंय’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. माणसाला उठून जाऊ देत नाहीत, त्या क्षणापासून अटक सुरू होते, कागदावर लिहिलेल्या वेळेपासून नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलेलं आहे. म्हणजे रविवारी रात्री नऊच्या आत तो दंडाधिकाऱ्यापुढं उभा असला पाहिजे. यातून वगळायचा तो फक्त प्रवासाचा वेळ. रविवार ही सबब नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी, म्हणजे कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवण्यासाठी, दंडाधिकारी नेमलेले असतात. तो दंडाधिकारी त्याच हद्दीचा असण्याचीही अट नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मध्ये स्पष्ट लिहिलंय.

म्हणून घरच्यांनी पहिलं काम करायचं ते वेळ टिपण्याचं. नेताना किती वाजले, कोणती गाडी, नंबर काय, कोण आलं, साक्षीला कोण होतं. मग तीच वेळ लिहून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या ईमेलवर दोन ओळी पाठवायच्या. ‘आज रात्री नऊ वाजता अमुक माणसाला अमुक ठिकाणाहून नेलं, अद्याप अटकेची माहिती मिळालेली नाही.’ एवढंच. त्या ईमेलवर पडलेली वेळ पुढं वकिलाच्या फार उपयोगी पडते. कुणाकुणाला अटक झाली याची यादी प्रत्येक ठाण्यात लावलेली असली पाहिजे (याच संहितेचं कलम ३७), तीही विचारा. माणूस कुठं आहे याचा पत्ताच लागत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘त्या माणसाला न्यायालयापुढं हजर करा’ असा, अर्ज होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

अटक का केली, हे सांगणंही बंधनकारक आहे, आणि ‘भांडणाची केस आहे’ इतकं मोघम नव्हे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला: कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, माणसाला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. पारधी, बंजारा, गोंड वस्तीत सभा असेल तर ‘समजेल त्या भाषेत’ हे शब्द दोनदा वाचा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. आधी संहितेच्या कलम ३५(३) ची, ठाण्यात हजर राहायला सांगणारी नोटीस येते. लोक ती घाबरून घेत नाहीत किंवा घेऊन गावाला निघून जातात, आणि तिथंच फसतात. नोटीस घ्या, घेतल्याची वेळ लिहा, सांगितलेल्या दिवशी हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं. गैरहजर राहिलात तर ते कारण तुम्हीच त्यांच्या हातात देता. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात जावं लागत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. अपवाद केलाच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही हवं. साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, आणि कोऱ्या कागदावर सही कुणीच कधीच करायची नसते.

या सभेत एक प्रसंग बसवून दाखवाच. एकजण दंडाधिकारी, एकजण आरोपी. हजर केल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ पोलीस शेजारीच उभे असतात, म्हणून बहुतेक जण ‘नाही साहेब’ म्हणतात आणि तेच नोंदलं जातं. उत्तराचा सराव मोठ्यानं करून घ्या: ‘मला शनिवारी रात्री नऊला धरलं. कागदावर दुपारचे चार लिहिलेत. पायावर मार आहे.’ तीन वाक्यं. गोलातल्या दहा जणांकडून वदवून घेतलं की जीभ वळते. वकील नसेल तर तेही तिथंच सांगायचं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सभा बिघडते ती बहुधा चालू प्रकरणामुळं. कुणीतरी उठतं आणि आपल्या भावाची केस सांगू लागतं. त्याला प्रेमानं थांबवा. समोरच्या पक्षाचे पाहुणे त्याच गोलात असू शकतात, आणि बलात्काराच्या किंवा बालकांच्या प्रकरणात पीडितेचं नाव उघड करणं हाच गुन्हा होतो. अशा माणसाला सभेनंतर वकिलाशी एकटं बोलू द्या. पहिल्याच सभेला ठाण्यातल्या साहेबांना बोलावण्याचा मोहही आवरा. त्यांनी यावं, पण दुसऱ्या सभेला, लोकांचे प्रश्न आधीच लिहून काढलेले असताना. आणि तडीपारी, एमपीडीए (धोकादायक ठरवलेल्या माणसाला खटल्याविना स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा) यांचे प्रश्न निघाले तर वेगळे ठेवा. एमपीडीएची स्थानबद्धता ही प्रतिबंधात्मक असते, तिला चोवीस तासांचा नियम लागू नाही. ते इथं मिसळलं तर आधी शिकवलेलंही पुसलं जातं.

शेवटची पंधरा मिनिटं दाराच्या कागदासाठी ठेवा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, काळं स्केचपेन. त्यावर १५१०० हा विधी सेवेचा नंबर, ११२, आपल्या ठाण्याचं आणि न्यायालयाचं नाव, अधीक्षकांचा ईमेल, लिहिता-वाचता येणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे फोन. खाली एक ओळ रिकामी: ‘नेलं तेव्हा वाजले होते: ____’. मोबाइलमध्ये नंबर आहेत म्हणणाऱ्यालाही हा कागद द्या, कारण नेताना मोबाइल सगळ्यात आधी जातो. दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर चिकटवायचा, आणि शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन.