उजवी पाकळी

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही गावच्या देवळात प्रसाद लावला होता. गोव्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही: ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि आधी कोणती सुटते याकडे डोळे लावून बसायचे. उजवी आधी पडली तर देवाचा कौल होकाराचा, डावी पडली तर नकाराचा. तासाभराने उजव्या खांद्यावरची पाकळी कडेने थोडी वळली, क्षणभर लोंबकळली आणि खाली पडली. आईने पदर डोळ्यांना लावला. त्या बाजूची समई जास्त जवळ होती, हे मला त्याच वेळी दिसले होते. पण असा विचार मनात आल्याचीच मला लाज वाटली.

वडील १९व्या दिवशी गेले.

मी रागावलो नव्हतो. तेराव्यानंतर भटजी शांतपणे म्हणाले की देवाने त्यांना यातनांतून सोडवले, म्हणजे कौल खराच ठरला, आणि तिथे माझ्या आत काहीतरी सुटले. उजवी पडली तरी देव, डावी पडली तरी देव, आणि माणूस गेला तरी देवच. मग आम्ही तासभर विचारत तरी काय होतो?

त्यानंतर जुन्या कथाही वेगळ्या ऐकू येऊ लागल्या. १५६०च्या सुमारास भाविकांनी मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या प्रियोळला हलवले. लहानपणी मला हा देवाचा महिमा वाटत असे. आता वाटते, जगाच्या कर्त्याला माणसांनी जिवावर उदार होऊन वाचवले. (त्या माणसांबद्दलचा माझा आदर मात्र उलट वाढला आहे.)

कौलावरचा विश्वास गेला तरी जग कोणीतरी निर्माण केले असावे, ही समजूत बरीच वर्षे टिकली. तिला धक्का कोणा पाश्चात्त्य नास्तिकाने नव्हे, तर कुमारिल भट्टांनी दिला. सातव्या शतकातील हा मीमांसक वेदांचा आणि यज्ञकर्माचा कडवा समर्थक होता, पण सृष्टीचा कर्ता मानायला तो तयार नव्हता. करुणेपोटी जग निर्मिले म्हणावे, तर सृष्टीच्या आधी करुणा करण्याजोगा प्राणीच नव्हता. आणि करुणा हाच हेतू असता, तर त्याने केवळ सुखच निर्माण केले असते, असा त्याचा युक्तिवाद. रुग्णालयाच्या व्हरांड्यात घालवलेल्या त्या १९ रात्रींनंतर मला याचे उत्तर सापडलेले नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचे उत्तर मला ठाऊक आहे, पण वडिलांच्या उशाशी बसून ते उच्चारण्याचे धाडस मला झाले नसते.

हे सारे आईला सांगायला मला चार वर्षे लागली. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधत होतो. नारळाची पेंड आणि सुपारीचे शिपटे बांधून झाले होते, खाली चिबूड, तोरिंग आणि लालभडक कवंडळे पसरली होती. आरतीला मी उभा राहीन, पण माझा आता विश्वास उरलेला नाही, एवढेच मी म्हणालो. तिने बराच वेळ सुंभाचा गुंता सोडवला. मग कोकणीत म्हणाली, “तुजो बापूय लेगीत फकत माटोळीच बांदतालो,” म्हणजे तुझे वडीलसुद्धा फक्त माटोळीच बांधायचे, आणि पुढचे कवंडळ माझ्या हातात दिले.

वडिलांना मी ते कधी विचारले नव्हते.