उधाणाच्या दिवशी पाहिलेलं घर

समुद्राजवळ राहायचं हे आमच्या घरातलं जुनं वेड. किनाऱ्यावरच्या गावात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची असं छोटं घर विकायला आहे म्हटल्यावर मी आणि दादा लगेच निघालो. दिवस अष्टमीचा, समुद्र शांत, भिंतींना ताजा रंग. मी तिथेच हो म्हणणार होतो. दादा बांधकामातला माणूस. म्हणाला, "आज भांग आहे, म्हणजे भरती कमी असते. पौर्णिमेचं उधाण बघू, तोवर शब्द देऊ नकोस."

नऊ दिवसांनी परत गेलो. सगळ्यात मोठी भरती बहुतेक किनाऱ्यांवर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा आणि भरतीच्या तासभर आधी पोचा. आम्ही फाटकाशी उभे होतो. लाटा बांधाच्या पलीकडेच होत्या, रस्ता कोरडा होता. पण फाटकाजवळच्या गटाराच्या जाळीतून पाणी बुडबुडत वर यायला लागलं आणि बघता बघता पायरीला टेकलं. पाणी समोरून येईल म्हणून आम्ही समुद्राकडे बघत होतो, ते आलं खालून. पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं तर गावातलं पाणी जाणार कुठे? १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आहे. पायरीची उंची तेवढीही नव्हती.

मग घरात शिरलो. नव्या रंगावर जाऊ नका, कपाट सरकवून मागची भिंत बघा. तिथे लोणा फुटला होता. बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागत होती. गच्चीच्या स्लॅबखाली एक लांब, सरळ चीर होती, सळईच्या रेषेतच, कडेला तांबूस डाग. दादाने हातोडीच्या दांड्याने ठोकत नेलं. खणखणीत येणारा आवाज चिरेपाशी एकदम पोकळ झाला. खारा वारा काँक्रीटमध्ये मुरतो, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून स्लॅब आतून फुटतो. वरून गिलावा लिंपून हे थांबत नाही. तेवढा भाग फोडून सळई साफ करावी लागते, नाहीतर बदलावी लागते. हा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

विहिरीचं पाणी तपासून घ्या. किनाऱ्यालगत जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, उपसा वाढला की खारं वर चढतं. म्हणून थोडा वेळ पंप चालू ठेवून मगच नमुना घ्या. आमचा पहिला नमुना गोडा होता, अर्ध्या तासानंतरचा मचूळ.

बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, खिळे यांचा गंज बघितला की वारा किती खारा आहे ते कळतं. किनाऱ्यापासून किती अंतरात काय बांधता येतं हे नियम जागोजागी वेगळे असतात. दुरुस्तीला परवानगी लागते का, हे आधीच विचारा.

घर आम्ही सोडलं. त्याच गावात वरच्या आळीत अजून एक आहे, तिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ते बघायला येत्या अमावास्येनंतर जाणार आहोत.