गोटुलातला निकाल आणि कोर्टातली साक्ष

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करते. आमच्याकडचे वाटपाचे दावे बहुतेक धानाच्या बांध्यांचे, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांचे. पक्षकार आदिवासी असले की नेहमीची पुस्तकं बाजूला ठेवावी लागतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 चं कलम 2(2) सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे 2005 च्या दुरुस्तीने कुणब्याच्या पोरीला वडिलोपार्जित जमिनीत भावाच्या बरोबरीने हक्क मिळाला, पण धुऱ्याला धुरा लागून शेत असलेल्या गोंडाच्या पोरीला काय मिळणार हे रूढी ठरवते. आणि रूढी कुठे छापलेली नसते.

माझी पक्षकार नवरा वारल्यावर माहेरी परतलेली गोंड बाई. बाप गेला तेव्हा दोघा भावांनी तलाठ्याकडे वारसांची नावं दिली, त्यात बहीण नव्हती. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर दोघंच आले. तिने तिसऱ्या हिश्शाचा दावा लावला. भावांची कैफियत पाच पानांची होती, पण मुद्दा एकच: आमच्या समाजात पोरीला जमीन देत नाहीत.

काही वर्षांपूर्वी हा दावा घेताना मी दहादा विचार केला असता. कोर्ट बाईलाच म्हणायचं, पोरीला हिस्सा मिळतो अशी रूढी तुम्ही सिद्ध करा. हिस्सा मागितला म्हणून जिच्याशी भावकी बोलत नाही, तिच्यासाठी पिंजऱ्यात उभं कोण राहणार? 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने रामचरण विरुद्ध सुखराम या प्रकरणात हे ओझं हलवलं. तेही गोंड कुटुंबच, छत्तीसगडचं. आईचा वाटा मागायला तिचे वारस कोर्टात गेले होते आणि खालच्या कोर्टांपासून उच्च न्यायालयापर्यंत हरत आले होते. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की पोरीला वगळण्याची रूढी आहे हे आधीच गृहीत धरता येणार नाही. तशी रूढी सिद्ध झाली नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांवर जायचं, आणि संविधानाचं कलम 14 आहेच. हे न्याय-समतेचं तत्त्व 1875 च्या मध्य प्रांत कायदे अधिनियमातलं. गडचिरोली ज्यात होतं तो आमचा जुना चांदा जिल्हाही मध्य प्रांतातलाच, त्यामुळे निकालाची प्रत मी त्या आठवड्यातच फाइलला लावली.

मग रूढी सांगणारा साक्षीदार आणणं भावांना भाग पडलं. त्यांनी गावातला सगळ्यात मानाचा म्हातारा आणला. समाजातल्या जाणत्या माणसाचं रूढीबद्दलचं मत पुराव्यात चालतं, म्हणून निवड बरोबरच होती.

सरतपासणीचं शपथपत्र टाईप करून आलेलं. ‘आमच्या समाजात मुलींना वडिलांच्या स्थावर मिळकतीत हिस्सा देण्याची प्रथा पूर्वापार अस्तित्वात नाही.’ खाली जांभळ्या शाईचा अंगठा. म्हातारा बोलत होता गोंडी. कोर्टाने गोंडी जाणणाऱ्या एका माणसाला दुभाषी म्हणून शपथ दिली आणि मी उलटतपासणीला उभी राहिले.

“बाबा, बाप मेल्यावर जमीन मिळाली नाही अशा गावातल्या पोरी सांगा.”

त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. पहिली लांब दिली होती, तिने स्वतःच नको म्हटलं. दुसरीच्या बापाकडे देण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या बोटावर तो थांबला आणि ते बोट मिटून टाकलं.

“तिला दिली. बोडीखालच्या दोन बांध्या. नवरा वारला होता तिचा.”

बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं. समोरचे वकील खुर्चीतून अर्धे उठले, पण हरकत घ्यायची कशावर?

मग मी गोटुलावर आले. गोटुल म्हणजे गोंड गावातली बैठकीची जागा; तिथे जाणती माणसं बसून तंटे मिटवतात.

“आणि या बाईचं गोटुलात बसणं झालं होतं?”

“झालं. मी होतो ना.”

“काय ठरलं?”

“दोन बांध्या.”

“मग दिल्या का नाहीत?”

म्हाताऱ्याने भावांकडे पाहिलं. “हे म्हणाले, कागद कुठे आहे?”

गोटुलातली रूढी बिनकागदाची म्हणून झुगारली, आणि आता तीच रूढी कागदावर अंगठा घेऊन कोर्टात आणली. मला हसू आवरलं, पण लघुलेखकाला आवरलं नाही.

इथे मी बसायला हवं होतं असं कुणी म्हणेल, आणि मी बसलेही. पण न्यायाधीश तरुण होते, मन लावून ऐकत होते. त्यांनी स्वतः विचारलं, “त्या बांध्या तिच्या कायमच्या?”

“नाही. ती आहे तोवर. पुढे भावाच्या पोरांकडे.”

फेरतपासणीत समोरच्यांनी तेवढंच घट्ट धरलं. बाईला पोटापुरतं, तेही हयातभर; मालकी नाही. म्हातारा हो म्हणाला. खोटं तो एका बाजूनेही बोलला नाही.

कायद्याच्या नजरेत रूढी जुनी, अखंड पाळलेली, निश्चित आणि वाजवी असावी लागते. 1868 मध्ये रामनाडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, सांगितलं होतं की रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो शास्त्रवचनावरही मात करतो. पण गोटुलात बसून माणसं बघतात ते पोरगी कुठे राहते, पोरं किती, भाऊ कसे, बोडीत पाणी किती. दरवेळी निवाडा थोडा वेगळा निघतो. माझ्या मते रूढीचा सगळा जीव त्यातच आहे, आणि कोर्टात तोच तिच्यावर उलटतो: अनिश्चित, म्हणून असिद्ध. 1996 चा पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा, ग्रामसभेला रूढी आणि तंटे मिटवायची पारंपरिक पद्धत जपायचा अधिकार देतो, हे आम्ही वकील भाषणात नेहमी सांगतो. पण गोटुलातल्या निवाड्यावर सातबारा बदलत नाही.

बाहेर आल्यावर म्हातारा माझ्या पक्षकाराशी गोंडीत बराच वेळ बोलला. पुन्हा बसू, यावेळी लिहून घेऊ, दोनाच्या तीन बांध्या करू, असं म्हणत असल्याचं तिने मला सांगितलं. मी तिला दोन्ही बाजू समजावल्या. कोर्टात निकालाला वेळ, त्यावर अपील. हरलो तर खर्च अंगावर. गोटुलात लवकर मिळेल, पण कमी आणि हयातभरच. तिला लहान मुलगी आहे, तेही मी काढलं.

“मॅडम, तवा देल्या असत्या तर मी घेतल्या असत्या,” ती म्हणाली. “आता तिसरा हिस्साच. पोरीच्या नावावर जाईल असा.”

युक्तिवादाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मला म्हाताऱ्याची साक्ष ओळीने वाचून दाखवायची आहे, आणि ती खरी असूनही तिच्यातून रूढी सिद्ध होत नाही असं म्हणायचं आहे. समोरचे वकीलही तीच पानं वाचणार आहेत.